ईशान्येचा कोपरा

बुलडाण्याच्या बाजारात भागवत ठेंग कुठं राहतात असं विचारा, दहातले नऊ जण नकारार्थी माना हलवतील. 'टावरवाले इंजिनेर' म्हणा, मग चहावालासुद्धा हातातली गाळणी खाली ठेवून रस्ता दाखवायला बाहेर येईल. माणसाचं नाव मागं पडावं आणि त्याच्या कामाचं नाव पुढं यावं, यापरतं भाग्य कोणतं, असं भागवतला पाच वर्षं वाटत होतं. सहाव्या वर्षी त्याच नावाची त्याला लाज वाटायला लागली, त्याची ही हकीकत.

भागवत मूळचा साखरखेर्ड्याचा. बाप मोतीराम वांगी-टमाटे पिकवायचा आणि वाफ्यातली वीतभर जागा मोकळी दिसली की त्याला घास गिळत नसे; तिथं निदान कोथिंबीर तरी टाकायचाच. ती खोड पोरात उतरली. पोरगा सिव्हिलचा डिप्लोमा करून बुलडाण्यात आला आणि लोकांच्या घरांचे नकाशे काढत बसला. जिन्याखाली न्हाणी, न्हाणीवर माळा, माळ्यात गाद्या. 'भागवत इंजिनेर बोटभर जागा वाया जाऊ देत नाही,' अशी त्याची ख्याती होती, आणि ती खोटी नव्हती.

अशा माणसाकडं बियाण्यांचे व्यापारी अर्जुनराव आले. भर बाजारात, कापडदुकान आणि लॉज यांच्या मधोमध, त्यांची एकवीस फूट रुंद आणि चौऱ्यांशी फूट लांब जागा पडून होती. एकवीस फूट म्हणजे तीन बैलगाड्या शेजारी-शेजारी उभ्या केल्या की संपलं. तिथं त्यांना तळमजल्यावर सहा मजल्यांचं ऑफिस-टॉवर पाहिजे होतं, पुढून काच, आत लिफ्ट, आणि हॉलच्या मध्ये एकही कॉलम नको. बाहेरगावच्या दोन मोठ्या आर्किटेक्टांनी जागा पाहून हात जोडले होते. एक तर म्हणाला होता, "इथं टॉवर नाही, बोगदा होईल."

भागवतला तेवढंच पुरलं. आठ महिने तो त्या एकवीस फुटांशी झुंजला. कॉलम दोन्ही बाजूंच्या भिंतींत लपवले. उजेडासाठी मध्ये वरपर्यंत झरोका सोडला. मागच्या एका कोपऱ्यात लिफ्ट आणि जिना, दुसऱ्या कोपऱ्यात प्रत्येक मजल्यावर दोन संडास, एक पुरुषांचा, एक बायकांचा. काचेच्या पट्ट्या उभ्या की आडव्या, यावर त्यानं दीड महिना घातला. बायको कोकिळा वैतागून म्हणायची, "आठ महिने झाले, आता बारसं करून टाका त्या नकाशाचं."

नकाशा मंजूर झाला, पाया भरला, आणि अर्जुनराव एका सकाळी वास्तुतज्ज्ञाचा कागद घेऊन आले. संडासाचा कोपरा नेमका ईशान्येला येत होता.

"इंजिनेर, देवाच्या कोपऱ्यात संडास? माही माय मले घरात नाही घेनार."

आता आमच्याकडं नकाशा काढणाऱ्याला सिमेंटआधी ईशान्य शिकावी लागते. ओटा कुठं, देव्हारा कुठं, पाण्याची टाकी कुठं, हे चुकलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दारी जातं. त्यामुळं भागवतला यात वावगं काहीच वाटलं नाही. त्यानं खोडरबर घेतलं. ईशान्येला प्रत्येक मजल्यावर छोटं संगमरवरी देवघर काढलं. पुरुषांचा संडास ओढूनताणून जिन्याच्या मागं घातला. बायकांचा राहिला.

अर्जुनरावांनीच कागदावर बोट ठेवलं. "अन् बायकाईचं?"

भागवतनं मानही वर केली नाही. "ऑफिसात बायका असतात किती? दोन-चार. खाली पार्किंगजवळ एक काढून देतो. जातीन खाली."

"पाहा बाप्पा. तुमाले समजते," म्हणाले अर्जुनराव, आणि चहा प्यायला लागले. विषय संपला. ज्या माणसानं काचेच्या पट्टीवर दीड महिना घातला, त्यानं या गोष्टीवर अर्धा कप चहाएवढाही वेळ घातला नाही.

टॉवर झालं. लोक मान वर करकरून पाहायला आले. भागवतचा फेटा बांधून सत्कार झाला, फोटो छापून आला. आणि चार वर्षांनी त्याची मुलगी निशिगंधा, बी.कॉम. होऊन, त्याच टॉवरच्या पाचव्या मजल्यावर एका खासगी कंपनीत नोकरीला लागली. पहिल्या दिवशी बापाच्या स्कूटरवरून उतरताना तिनं गेटवरच्या वॉचमनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही माह्या बाबाची बिल्डिंग हाय." भागवत तिथल्या तिथं दोन इंच उंच झाला.

दीड वर्षात पोरगी तीनदा तापानं पडली. थंडी वाजून ताप, कमरेत कळा, लघवीला आग. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितेस?"

कोकिळानं कोपरानं ढोसलं तेव्हा निशिगंधा बोलली. "सकाळी घरी एक गिलास. मंग घरी आल्यावर."

"का?"

"वर लेडीज टॉयलेट नाही मॅडम. खाली एकच हाय. त्याची चावी वॉचमनकडं राह्यते. लिफ्ट कधी बंद, कधी भरलेली. अन् दरवेळी त्या मानसाकडं चावी मांगाची... तिथं पोरं गाड्या लावत उभे राह्यतात. चावी घेतली की समद्याईले समजते."

भागवत शेजारच्या खुर्चीवर बसला होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते त्यानं त्या दिवशी खरोखरीच मागितलं. पण दवाखान्याची फरशी पक्की होती.

"मूत्रपिंडापर्यंत गेलंय इन्फेक्शन," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुन्हा झालं तर कायमचं दुखणं मागं लागेल. पाणी प्यायचं. नाही तर नोकरी सोडायची."

घरी येईपर्यंत कोकिळाच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. "त्या अर्जुनरावाच्या घरी बाया नाहीत का? देवाले कोपरा दिला अन् लेकीबाळीले काय दिलं? तुमचा चांगला नकाशा होता, त्यानं वाटोळं केलं!" निशिगंधानंही मान डोलावली. भागवतला एक वाक्य बोलायचं होतं, 'त्यानं विचारलं होतं, मीच नको म्हटलं.' ते घशापर्यंत आलं आणि त्यानं ते परत गिळलं. दुसऱ्या दिवशीही गिळलं. आठ दिवसांत अर्जुनराव त्या घरात राक्षस झाले आणि भागवत बिचारा झाला, आणि बिचारेपणाची चटणी-भाकर तो मुकाट खात राहिला. स्वतःच्या अन्नाची लाज वाटणं म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळलं.

निशिगंधानं नोकरी सोडली नाही. तिनं टॉवरमधल्या सगळ्या मजल्यांवरच्या बायका गोळा केल्या. दोन-चार नव्हत्या, एकतीस निघाल्या. त्यांनी अर्जुनरावांना अर्ज दिला. अर्जुनराव म्हणाले, जागा निघत असेल तर काढा, खर्च माझा. मग निशिगंधा बापाकडं आली.

"बाबा, जागा तुमीच काढू शकता. शनिवारी दुपारी समद्या पाचव्या मजल्यावर येऊन राह्यल्या. तुमी याच."

शनिवारी नेमकी लिफ्ट बंद होती. भागवत स्वतः काढलेला जिना चढला. शंभरावर पायऱ्या, आणि जागा वाचवायला त्यानं प्रत्येक पायरी जरा उंचच ठेवलेली. पाचव्यावर पोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. सत्यभामाबाई नावाच्या जुन्या क्लार्क, पन्नाशीच्या, लगबगीनं पाण्याचा गिलास घेऊन आल्या. पाहुण्याला आधी पाणी.

"घ्या साहेब."

"तुमी?" त्यानं उगाच विचारलं.

"आमी नाही पेत," त्या सहज म्हणाल्या. "मले शुगर हाय, तहान तं लय लागते. चूळ भरून टाकतो आमी."

त्यानं गिलास तोंडाला न लावताच खिडकीत ठेवून दिला.

सगळ्याजणी टेबलाभोवती उभ्या होत्या. अर्जुनराव एका खुर्चीवर, मोबाइलमध्ये डोकं घालून. भागवतनं जुना नकाशा पसरला. देवघर हलवायचं नाही, असं बायकांनीच ठरवलं होतं. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. त्यानं टेप घेऊन जिन्याची मागची भिंत मोजली, तिला लागून दर मजल्यावर असलेली मॅनेजरची केबिन मोजली, पेन्सिल चालवली. केबिनचे साडेचार फूट घेतले की पुरुषांच्या संडासाच्या पाइपावरच बायकांचा बसत होता. प्रत्येक मजल्यावर. केबिन चौकोनी दिसायची ती फक्त लांबट दिसणार होती, बस्स.

"झालं," तो म्हणाला.

सत्यभामाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. "वीस मिनिटं! बाप्पा, काय हुशार मानूस हाय."

बायका खूश झाल्या. कोणी टाळीही वाजवली. भागवतला ती टाळी थोबाडीत बसावी तशी बसली. निशिगंधा मात्र कागदावर वाकून पाहत होती. पोरगी त्याचीच, रेघ वाचता येत होती तिला.

"बाबा, केबिन तं पहिलेपासून इथीसाच हाय. पाइपबी. मंग हे तवाच निघालं असतं ना?"

"हो. निघालं असतं."

"मंग काऊन नाही काढलं? यायनं नाही म्हटलं का?" तिनं अर्जुनरावांकडं हात केला.

अर्जुनरावांनी मोबाइल खाली ठेवला. भागवतच्या चेहऱ्याकडं पाहिलं. माणूस व्यापारी, पण मनाचा मोठा. एकतीस बायकांसमोर म्हणाले, "हो माय, माहीच चूक हाय. मीच..."

इतकं सोपं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. इतके दिवस तो तेच तर करत आला होता.

"नाही," भागवत म्हणाला. "शेठ खोटं बोलून राह्यले. त्यायनं मले विचारलं होतं, बायकाईचं काय म्हनून. म्याच म्हनलं, बायका असतात किती? जातीन खाली. म्या पाह्यलंच नाही. वीस मिनिटंबी नाही पाह्यलं."

दोघीजणींनी नजर दुसरीकडं वळवली, जणू त्यांनाच लाज वाटत होती. सत्यभामाबाईंनी पदर तोंडाला लावला. कोणी शिव्या घातल्या असत्या तर भागवतला उभं राहायला सोपं गेलं असतं.

निशिगंधानं नकाशा गुंडाळला. झेरॉक्स काढायच्या होत्या, गवंड्याला एक, प्लंबरला एक. दारापर्यंत गेली, आणि बापाकडं न पाहताच बोलली.

"पहिला ताप आला तवाच मले समजलं होतं कायनं येते ते. म्या वर्षभर घरी सांगितलं नाही, बाबा. मले वाटलं, वर बायकाईचं नाही हे तुमाले ठाऊक नसन. ठाऊक झालं तं तुमाले लय वाईट वाटन."