न पाहिलेल्या वस्तीचा इतिहास

सुरुवातीलाच माफी मागतो. ज्या वस्तीबद्दल लिहितोय, ती मी पाहिलेली नाही. तिथल्या एकाच बाईंशी मी बोललोय, तेही फोनवर. तरीही त्या वस्तीच्या इतिहासावर मी प्रबंध लिहिला आणि तो पास झाला. यात माझ्यापेक्षा विद्यापीठाचंच धाडस जास्त आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे न पाहिलेल्या गोष्टीवर लिहिणं शिक्षणात बसतं की नाही, हे विचारायला घरात कुणी नव्हतं.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये मी नगररचना शिकायला आयर्लंडला आलो. डब्लिनच्या कडेला टॅलामध्ये, मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या बाजूला, दोन मराठी इंजिनियरांच्या घरात खोली मिळाली. किलकेनीच्या जुन्या तटबंदीवर प्रबंध लिहायचा असं मी ठरवून आलो होतो. पण लॉकडाऊन लागला आणि घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायला बंदी झाली. किलकेनी पाच किलोमीटरच्या बाहेर होतं. अमेरिका मात्र लॅपटॉपवर होती, आणि लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर. म्हणजे अमेरिका नियमात बसत होती.

माझे मार्गदर्शक आयरिश होते. त्यांनी अमेरिकेतल्या एका नदीकाठच्या शहरातली कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती सुचवली. जुने नकाशे, अहवाल सगळं ऑनलाइन आहे, म्हणाले. पहिलं प्रकरण वाचून ते 'ग्रँड' म्हणाले. मी आईला फोन करून सांगितलं की सरांना माझं लिखाण भव्य वाटलं. तिने शेजारच्या चार घरांत सांगितलं. इकडे 'ग्रँड' म्हणजे 'ठीक आहे, चालेल' हे मला दिवाळीनंतर कळलं. तोवर आमच्या वस्तीत पेढे वाटून झाले होते.

ऑनलाइन वर्गात सगळे माझ्याशी फार जपून बोलायचे. एका मुलीने एकदा अगदी हळू आवाजात विचारलं, "ही वस्ती तुझ्यापर्यंत कशी पोचते?" मला वाटलं इंटरनेटबद्दल विचारतेय. मी म्हटलं, "मधेमधे तुटते." सगळे गंभीर झाले. दोघांनी ते वाक्य लिहून घेतलं.

घरात एवढं जपून कुणी बोलत नसे. थोरला इंजिनियर औषध कंपनीत होता, मूळचा पुण्यातल्या पेठेतला. धाकटा नागपूरचा, सॉफ्टवेअरमधला. पहिल्याच दिवशी थोरल्याने विचारलं, "पुण्यात कुठे?"

"स्टेशनजवळ."

"जवळ म्हणजे नक्की कुठे?"

"जवळच."

"अरे, स्टेशनवर लोक गाडी पकडायला जातात, राहायला थोडेच?"

"सोड ना बे," नागपूरकर म्हणाला. "प्लॅटफॉर्मवर राहत असेल तो."

आम्ही तिघेही हसलो. पण तो प्रश्न संपला नाही. पोह्यांवर, चहावर, कुकर लावताना, दर आठवड्याला तो नव्याने यायचा. डब्लिनमध्येही माणसं नदीच्या उत्तरेचा की दक्षिणेचा हे आधी विचारतात, असं सर म्हणाले, तेव्हा जरा बरं वाटलं. हा आजार फक्त आमचा नाही तर.

अहवाल वाचत गेलो तशी वस्ती थोडी थोडी कळायला लागली. दक्षिणेतल्या शेतांवरून आलेली माणसं, रेल्वेत कामाला लागलेली. शहरात दुसरीकडे कुणी घर देईना, म्हणून सगळी एकाच भागात दाटीने राहिली. दवाखाने, न्हावी, विमा कचेरी, नाचगाण्याचे क्लब, सगळं आपलं आपण उभं केलं. मग महामार्ग आला. महामार्गाला शहरात हजार वाटा असतात, पण त्याला नेमकी हीच वाट आवडली. वस्ती का पाडावी, याचं कारण अहवालात एका शब्दात दिलं होतं. 'ब्लाइट'. मी शब्दकोश उघडला. करपा. पिकावर पडणारा रोग. बटाट्यावर येतो तो.

सरांना विचारलं, माणसांच्या घरांना हा शब्द कसा लावला असेल? त्या दिवशी ते 'ग्रँड' म्हणाले नाहीत. त्यांच्या देशाला एकदा याच रोगाने, सगळे बटाटे सडवून, उपाशी मारलं होतं, हे मला नंतर आठवलं.

पाडापाडीतून एक सभागृह उरलं होतं. त्याच्या वेबपेजवर फोन नंबर होता. घाबरतच लावला. फोन उचलला एका निवृत्त शिक्षिकेने. सभागृहाची किल्ली त्यांच्याकडेच असे. शाळेतल्या सवयीने मी मनात त्यांना 'बाई' म्हणायला लागलो. त्या मला 'बेबी' म्हणाल्या आणि मी दचकलो. तिकडे म्हाताऱ्या बायका सगळ्यांनाच 'बेबी' म्हणतात, त्याचा अर्थ 'बाळा', हे समजेपर्यंत माझे कान गरम झाले होते.

"कुठून बोलतोस?"

"आयर्लंडहून."

"आवाज तिकडचा नाही."

"मूळचा पुण्याचा. भारतातला."

"पुण्यात कुठे?"

समुद्रापलीकडूनही तोच प्रश्न. सवयीने तेच उत्तर दिलं, "स्टेशनजवळ."

बाई हसल्या. "बाळा, रुळांच्या कुठल्या बाजूला?"

मग म्हणालो, "कालव्याच्या बाजूला. वस्तीत."

"बरं झालं. म्हणजे तुला सगळं पहिल्यापासून सांगायला नको."

त्यानंतर त्या दर रविवारी बोलायच्या. सभागृहात लग्नं, मयतीनंतरची जेवणं, मुलांच्या शिकवण्या, मोर्च्याआधीच्या बैठका, सगळंच व्हायचं. मी म्हणालो, आमच्याकडे याला समाजमंदिर म्हणतात. माझी दहावी त्याच्याच फरशीवर झाली, वर निळा झेंडा, आत एक पंखा. बाईंनी विचारलं, "पंखा चालायचा?" मी म्हटलं, "पाहुणे आले की."

२०२१ च्या वसंतात बाईंचा फोन मधल्याच वारी आला. सभागृह पाडून तिथे गाड्या लावायची जागा करायची, असा प्रस्ताव आला होता. शेजारी नवे फ्लॅट होणार होते. अहवालात पुन्हा तोच शब्द होता, 'ब्लाइट'. नगर समिती व्हिडिओवर सुनावणी घेणार होती, कुणालाही दोन मिनिटं बोलता येणार होतं.

"तू बोल," बाई म्हणाल्या.

"मी? मी तर विद्यार्थी आहे."

"आमचं ऐकून ऐकून त्यांचे कान मेलेत. परदेशी विद्वानासमोर ताठ बसतील."

"पण मी विद्वान नाही."

"त्यांना कुठे माहीत आहे?"

सुनावणी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात झाली, कारण वायफाय तिथेच धरायचं. समितीच्या अध्यक्षांनी स्पेलिंग वाचून टॅलाचा उच्चार 'टॅलॅग्ट' केला आणि मी भारतातून बोलतोय असं जाहीर केलं. मागे थोरला कपाटात, म्हणजे इकडच्या भाषेत प्रेसमध्ये, चहापत्ती शोधत होता. नागपूरकराने वरणाचा कुकर लावला होता.

लिहून आणलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "तुमच्या अहवालातला 'ब्लाइट' माझ्या भाषेत बटाट्याला लावतात. मी ज्या देशात बसलोय तिथेही. रोग बटाट्यावर पडतो. घरावर फक्त अहवाल पडतो. मी पुण्यातल्या कालव्याकाठच्या वस्तीतला आहे. आमच्या समाजमंदिरालाही धोकादायक ठरवलं होतं. मी तिथेच बसून शिकलो, आणि शिकून आता तुमच्यासमोर..." इथे कुकरची शिट्टी झाली. अध्यक्षांना ती वेळ संपल्याची घंटा वाटली. त्यांनी माझे आभार मानले.

मागे वळलो तर दोघे उभेच होते.

"म्हणजे कालव्याकाठी," थोरला म्हणाला.

"हो."

"मग इतके दिवस स्टेशन कशाला सांगत होतास?"

"तुम्ही इतके दिवस विचारत होतात म्हणून."

"अरे, मी सहज विचारतो. सगळ्यांनाच विचारतो. माझं तसलं काही नसतं हं." चहापत्तीचा डबा त्याच्या हातातच राहिला होता.

नागपूरकराने माझ्यासमोर खुर्ची ओढली. "ते सोड बे. तू त्या लोकांना बटाटे म्हणालास का?"

"नाही."

"मग ठीक. वरण खाऊन घे."

थोरल्याने त्यानंतर 'पुण्यात कुठे' असं मला कधी विचारलं नाही. नवा भाडेकरू आला तेव्हा त्याला विचारलं, पण आधी माझ्याकडे पाहिलं. ही प्रगतीच म्हणायची.

निकाल येईना. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण मी लिहून ठेवलं होतं, पण सभागृह 'आहे' लिहावं की 'होतं', हे ठरत नव्हतं. सर म्हणाले, "दोन्ही ग्रँड." मला एवढा राग त्या वर्षात दुसऱ्या कशाचा आला नाही.

ऑगस्टमध्ये एका रविवारी बाईंचा फोन आला. आवाजात हसू होतं, पण ते कसलं ते कळेना.

"बाळा, 'आहे' लिही."

मी लगेच फाइल उघडून 'आहे' लिहिलं. मग विचारलं, समितीला इतिहास पटला का?

"निर्णयात इतिहास नाही. तुझे बटाटेही नाहीत, मी दोनदा शोधले. त्यांनी जागा मोजली. सभागृह पाडलं तरी तिथे पुरेशा गाड्या मावत नाहीत."