रतन तामोरेच्या जाळ्यातले गोल

चिंचणीच्या किनाऱ्यावर रतन तामोरेसारखं जाळं कुणाला विणता येत नाही, हे रतन स्वतःच सगळ्यांना सांगतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाला सांगायची गरज पडत नाही. गुडघा गेल्यापासून तो बोटीवर जात नाही. किनाऱ्याला सावलीत बसून गावाची फाटकी जाळी सांधतो आणि जो कोणी समोर येईल त्याला फुटबॉल समजावतो. गाव सगळं क्रिकेटवेडं. 'किनारा स्पोर्ट्स' ही तिथली एकुलती एक फुटबॉलची टीम, आणि तिच्या पाठीराख्यांची संख्याही जवळपास तेवढीच.

रतनचा मुलगा जतीन या टीमचा गोलकीपर. पोटापाण्यासाठी तारापूरच्या एका कारखान्यात कामाला. टीममधली निम्मी पोरं तिकडेच, त्यामुळे अकरा जण एका दिवशी जमवायचे म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. एकाची सेकंड शिफ्ट, दुसरा नाईट करून थेट मैदानावर आलेला, तिसरा सुपरवायझरच्या हातापाया पडून सुटलेला. चिमण हा कॅप्टन. त्याच्याकडे टेम्पो होता म्हणून तो कॅप्टन झाला असं लोक म्हणत, आणि लोक खरंच बोलत होते.

दर डिसेंबरात, भाताची झोडणी आटपली की तलासरीला पाड्यापाड्यांच्या टीमांची स्पर्धा भरते. हरली ती टीम बाहेर, असा साधा हिशोब. पालघर जिल्हा नवा झाला त्या हिवाळ्यात, म्हणजे २०१४ ला, किनारा पहिल्यांदा तिथं गेली. समुद्राकडून आलेली ती एकटीच. पहिल्या अर्ध्या तासात एक गोल खाल्ला. शेवटी शेवटी चिमणनं मारलेला बॉल खांबाच्या आतून गेला. रतननं तो या डोळ्यांनी पाहिला. रेफरी म्हणाला, बाहेरून गेला. गोलला जाळं नव्हतंच, नुसते तीन बांबू. पुरावा आणायचा कुठून? हरून टेम्पोत बसले. चारोटीचा नाका येईपर्यंत रतननं तोंड उघडलं नाही. नाक्यावर चहाचा घोट घेऊन त्यानं जाहीर केलं, की पुढच्या वर्षी जाळी मी देणार, मग बघतो कोण म्हणतो बाहेरून गेला.

बोलला तसं केलंही. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या तसा तो जाड पांढरी नायलॉनची दोरी घेऊन बसला. मासळीच्या जाळ्याची घरं बारीक, ही पंजा आरपार जाईल एवढी मोठी, म्हणजे हाताला सगळंच नवं. गावातली कामं खोळंबली. बोटवाले रोज दारात येऊन तगादा लावायचे आणि त्यांना तोंड द्यायची त्याची बायको बायजा. ती डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकते, तेव्हा तोंड द्यायला ती कुणाला घाबरत नाही. पण आपला नवरा बॉलसाठी जाळं विणतोय हे सांगताना तिलाही दोनदा घसा खाकरावा लागायचा. हौसेला मोल नाही, एवढंच म्हणून ती विषय मिटवायची.

पुढच्या डिसेंबरात तलासरीच्या मैदानावर दोन्ही गोलांना जाळी लागली. मैदानाची देखभाल करणारा लडक्या जाळ्याला हात लावून म्हणाला, यात तर वाघ अडकंल. हे वाक्य रतननं पुढे आठवडाभर घरी आणि महिनाभर किनाऱ्यावर ऐकवलं.

आता दैवाची चेष्टा बघा. जाळी एक नंबर निघाली. काही म्हणता काही निसटलं नाही. फक्त त्यात सापडायची ती मासळी घरचीच. २०१५ ला चार गोल बसले, चारही किनारावर. त्याच्या पुढच्या वर्षी तीन, आणि त्याच्या पुढच्या वर्षी पाच, कारण दोन बचाववाले कारखान्यात अडकले होते. २०१८ च्या हिवाळ्यात डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के बसत होते, तसा एक मॅच चालू असताना बसला. मैदान हाललं, लोक उठून उभे राहिले. आमचा बचाव धक्क्याच्या आधीच हालला होता, असं चिमण अजून सांगतो.

दर वर्षी जतीन बापानं विणलेल्या जाळ्यातून बॉल काढायचा आणि बाप जाळ्याच्या मागे उभा राहून म्हणायचा, कायनाय, कायनाय, पुढं बघ. गावात परतल्यावर टवाळ मंडळी वाटच बघत असत. काय रतनकाका, यंदा किती मासळी? रतन मुळीच ओशाळायचा नाही. किती आली ते सोडा, म्हणायचा, एक तरी निसटली का ते विचारा. आणि मग यंदा दुसरा गोल मागच्या वर्षीपेक्षा वीस मिनिटं उशिरा बसला, ही प्रगती नाही तर काय, असं तो अगदी मनापासून समजावून सांगायचा. पदरी पडलं आणि पवित्र झालं, अशातली त्याची भक्ती. पण खरं सांगायचं तर एक जिंकलेली मॅच त्याला बघायची होती. कप नको, फायनल नको. पाच वर्षांत एकही नाही. एक हवी होती.

२०१९ ला ते सहाव्यांदा गेले. हायवेला ट्रक उलटल्यामुळे टेम्पो तासभर अडकला. मैदानावर पोचले तर लडक्या जाळं हातात धरून उभा. वर्षभर ठेवलं होतं तिथं उंदरांनी त्याचा एक कोपरा खाल्ला होता. रेफरी घड्याळ बघायला लागलेला. रतननं मातीत बसकण मारली आणि सुई चालवली. नायलॉनची दोरी बुळबुळीत, तिला दुहेरी गाठ लागते. हे त्यानं गावातल्या किती जणांना शिकवलं असेल. पण शिट्टी वाजत होती, लोक बोंबलत होते. शेवटच्या पाचसहा गाठी त्यानं एकेरीच मारल्या. मध्यंतरात पक्क्या करू, असं स्वतःला सांगितलं.

मध्यंतरात तो विसरला. विसरणारच. समोरची टीम मागच्या वर्षीची उपविजेती, आणि त्यांच्याशी किनारा शून्य-शून्य होती. मध्यंतरानंतर दहा मिनिटांनी चिमणच्या गुडघ्याला लागून बॉल उडाला आणि पलीकडच्या जाळ्यात जाऊन पडला. गोल. चिमणला स्वतःला कळायला वेळ लागला. पाच वर्षांत किनारा पहिल्यांदा पुढे होती. रतन दुखऱ्या पायानं नाचला.

शेवटची पाच मिनिटं मात्र त्याला बघवेना. तो मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. मागे एकदम कल्ला झाला, आणि वळून बघतो तर बॉल जतीनच्या गोलच्या मागे शेतात पडलेला, पाड्याची पोरं नाचतायत, आणि किनाराची पोरं हात हलवून नाही नाही म्हणतायत. पाड्याचा कॅप्टन नविन, त्यानं गर्दीतून जोरात फटका मारला होता. रेफरीच्या समोर चार खेळाडू आडवे, वर धुरळा. बॉल आत गेला की खांबाच्या बाहेरून, त्याला दिसलंच नव्हतं. जतीन सांगत होता, बाहेरून गेला. रेफरीनं जाऊन जाळं बघितलं. दोरी कुठं तुटलेली नव्हती.

मग लडक्यालाच सुचलं, की जाळंवाला काका इथंच आहे, त्याला विचारा. रेफरीनं दोन्ही कॅप्टनना विचारलं. नविन तयार झाला. चिमण तर लगेच म्हणाला, काका सांगतील ते आम्हाला कबूल. त्याला खात्री होती, आपलाच माणूस आहे.

रतन लंगडत गेला. कोपऱ्याजवळ बोटं फिरवली आणि ती थांबली. दोन गाठी सरकल्या होत्या. दोरी शाबूत, पण तीन घरांचं एक झालेलं, आणि सुटलेला फास मागच्या बाजूला ताणलेला. बॉल आतून येऊन तिथून निघून गेला होता. हे बघून ओळखणारा त्या सगळ्या मैदानात एकच माणूस होता. बोटानं एक हिसका दिला असता तर दोरी जागेवर बसली असती. मॅच जिंकली असती, आणि रतनच्या जाळ्यातून काही निसटत नाही हे नावही राहिलं असतं. शेजारी जतीन उभा होता. तो बापाकडे बघत नव्हता.

"गाठ सुटलीय," रतन म्हणाला. "माझीच गाठ, घाईत एकेरी मारलेली. बॉल आतून गेलाय. गोल हाय."

किनाराच्या पोरांचे चेहरे उतरले. टेम्पोजवळून कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. रतननं ते ऐकलं आणि गिळलं.

एक-एक झालं, वेळ संपली, आता पेनल्टीचे फटके. त्यासाठी हाच गोल. म्हणजे आधी जाळं नीट करणं आलं. सगळं मैदान थांबलं आणि रतन पुन्हा मातीत बसला. या खेपेला त्यानं एकेक गाठ दुहेरी मारली, थुंकी लावून आवळली. जाळं ताठ धरायला जतीन पुढे आला. मग हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मला दिसला होता."

"ताठ धर," रतन म्हणाला. पोरगा खोटं बोललाय हे त्याला गाठ बघितली तेव्हाच कळलं होतं. रागवायला तोंड नव्हतं. पोराला खोटं बोलायची पाळी आली ती बापाच्या एकेरी गाठीमुळे, असं त्याला वाटत होतं.

फटके सुरू झाले. रतन जाळ्याच्या मागे, नेहमीच्या जागी. किनाराचे पाच मारून झाले, चार बसले. पाड्याचे चारमधले तीन. शेवटचा नविनचा. अडवला की जिंकले.

नविननं खाली, खांबाच्या कडेला मारला. जतीननं अंग झोकलं, बॉल त्याच्या पंजाला लागला, जमिनीवर आपटला, आणि जतीननं तो छातीखाली दाबला. रेफरीनं हात आडवे हलवले. अडला! किनाराची पोरं ओरडत धावत सुटली. चिमण तर रडायलाच लागला.

आणि रतन? रतन हातभर अंतरावर होता. बॉल आपटला तो चुन्याच्या रेषेच्या आत, चांगला वीतभर आत, हे त्यानं स्वच्छ पाहिलं. जाळ्यापर्यंत बॉल पोचलाच नव्हता, तेव्हा जाळं काही सांगू शकत नव्हतं, आणि त्याला कुणी विचारत नव्हतं. एका दिवसात एकदा खरं बोललो, पुष्कळ झालं, असं त्याच्या मनात आलं. पाच वर्षं वाट पाहिली होती. त्यानं मान खाली घातली आणि गप्प राहिला.

जतीन उठला नव्हता. चिमण त्याला मिठी मारायला वाकला, तर त्यानं चिमणला बाजूला सारलं. गुडघ्यावर बसूनच तो रेफरीला म्हणाला, "साहेब, आत गेलेला. मी आतून ओढला."

रेफरीनं पुन्हा विचारलं. जतीननं पुन्हा तेच सांगितलं. मग नविन पुढे आला आणि त्यानं हात देऊन जतीनला उभं केलं. तलासरीच्या माणसांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. रतनला समोरचं दिसेना, कारण डोळे भरले होते. अभिमानानं छाती फुगते म्हणतात, त्याची तर दुखायला लागली.

पुढे सांगण्यासारखं फार नाही. बरोबरी झाली, मग एकेक फटका. किनाराच्या पोरानं बॉल आभाळात मारला, पाड्याच्या पोरानं जाळ्यात. जाळ्यानं तो नीट धरला. टेम्पो परत निघाला. चारोटीच्या चहाला चिमण म्हणाला, आपण जिंकलोच होतो यार, दोनदा. आणि मग सगळेच हसत सुटले.

दिवेलागणीला घरी पोचले. जतीन अंघोळीला गेला. बायजा काठ्यांवरचे सुकलेले बोंबील काढत होती. रतननं तिथंच उभं राहून तिला सगळं सांगितलं. एकेरी गाठ सांगितली, सरकलेला फास सांगितला. जतीननं काय केलं ते तर दोनदा सांगितलं. आपण मान खाली घातली ते सांगायचं नाही असं टेम्पोत ठरवलं होतं, पण तेही सांगून टाकलं. बायजानं हातातले बोंबील टोपलीत ठेवले.

"म्हंजे तू बघितलंस, नि गप राह्यलास," ती म्हणाली. "नि पोरगा बोलला."

"हां."

"मग तो तुझ्यावर नाय गेला. माझ्यावर गेलाय."

सव्वीस वर्षांत ही गोष्ट रतननं कधी मान्य केली नव्हती. पोराचं नाक माझं, हात माझे, जिद्द माझी, असं तो चारचौघांत सांगत आला होता.

"हां," रतन म्हणाला. "तुझ्यावरच गेलाय." आणि तिची टोपली उचलून तो आत गेला.