सभागृहाची निळी भिंत

निवेस बर्तोलाच्ची रोक्कासेल्वाच्या नगरपालिकेत बावीस वर्षं झाडलोट करत होती. मी तिथेच खाली, जन्ममृत्यूच्या नोंदी करणारा कारकून. सकाळी मी दार उघडायचो तेव्हा बाहेरचा दगडी जिना आधीच ओला असायचा आणि वरच्या सभागृहातून तिच्या बादलीचा आवाज यायचा.

त्या सभागृहावर तिचा भारी जीव. उत्तरेची सबंध भिंत चित्रानं भरलेली. मधोमध हातात तराजू घेऊन सिंहासनावर बसलेली न्यायदेवता, पायाशी तटबंदीचं गाव, मनोरे बांधणारे गवंडी, विहिरीवरच्या बायका आणि वर गडद निळं आभाळ. सहाशे वर्षांपूर्वी कुणी रंगवलं ते ठाऊक नाही. पण थंडीत भिंत कुठे घाम धरते, कुठे मीठ फुटतं, ते निवेसला तोंडपाठ. नगरपालिकेच्या इमारतीवरच्या मनोऱ्याच्या पायथ्याशी छपराची पन्हळ याच भिंतीतून खाली उतरते. दर नोव्हेंबरात टेकडीवरच्या चेस्टनटची पानं तिथे अडकायची. निवेस मनोऱ्यातल्या छोट्या खिडकीतून काठी घालून ती काढायची. हे काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि ती करते हेही कुणाला माहीत नव्हतं.

इसोलिना तिची शाळेपासूनची मैत्रीण. बेकरीवाला नवरा वारला तेव्हा निवेसनंच नगरपालिकेतल्या साहेबांच्या मागे लागून तिला इथेच झाडलोटीला लावलं. दोन वर्षं दोघी एकाच डब्यातून जेवल्या.

एकोणीसशे अठ्ठावन्नच्या वसंतात चित्राची डागडुजी करायला तार्लीनी नावाचे प्रोफेसर आले. परांची उभी राहिली. त्यांना हाताखाली एक बाई हवी होती. दोघींना समोर उभं करून त्यांनी ओला स्पंज दिला आणि भिंतीचा एक कोपरा पुसायला सांगितला. निवेसचे हात सोड्यानं राठ झालेले. इसोलिनाचा हात मात्र कणकेवरून फिरावा तसा फिरला.

"या बाई चालतील," प्रोफेसर म्हणाले.

संध्याकाळी निवेस माझ्या खोलीत येऊन बसली. "मीच आणली रे तिला! माझ्या हातानं आणली. बावीस वर्षं मी त्या भिंतीपुढे गुडघे झिजवले, आणि ही महाराणी शिडीवर."

"अगं, तुझीच मैत्रीण ना?"

"म्हणून तर! परकी असती तर एवढं लागलं नसतं."

उन्हाळाभर तिनं ते पाहिलं. इसोलिना पांढरा डगला घालून वर, ही खाली तिच्याच पायांखालून पडलेली धूळ झाडतेय. इसोलिना वरून हाक मारायची, "निवेस, बघ गं, विहिरीवरच्या बाईच्या कानात डूल निघालं!" निवेस मान वर करायची नाही. डबा वेगळा झाला. चौकात लोक इसोलिनाला थांबवून चित्राबद्दल विचारायचे, आणि निवेस पाव घ्यायला लांबच्या वाटेनं जायची.

नोव्हेंबर आला, पानं पडली. त्या वर्षी निवेस मनोऱ्यात गेलीच नाही.

आठवडाभर पाऊस लागला. एका सकाळी न्यायदेवतेच्या डोक्यावरच्या निळ्या आभाळाचा ताटाएवढा पोपडा फरशीवर पडलेला सापडला. प्रोफेसर पांढरेफटक पडले.

"किती घासलंत? सांगितलं होतं ना, निळ्याला स्पंज नुसता टेकवायचा!"

"मी घासलं नाही हो," इसोलिना म्हणाली. "देवाशप्पथ नाही घासलं."

त्यांनी तिला घरी पाठवलं. ती डगला घडी करून बाकावर ठेवून गेली. निवेस खांबाआड उभी होती. मला नंतर म्हणाली, "खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला गोड वाटलं."

दुसऱ्या दिवशी डगला निवेसला मिळाला. ती परांचीवर चढली आणि जे बावीस वर्षं खालून पाहिलं होतं ते हातभर अंतरावर आलं. गवंड्याच्या हातातली थापी, विहिरीवरच्या बाईचं डूल. आणि आभाळाच्या जखमेतून पाझरणारं पाणी. दोन दिवस ती टिपत राहिली. तिसऱ्या दिवशी प्रोफेसर म्हणाले, "तुम्ही आधीच असतात तर हे घडलंच नसतं."

निवेसनं स्पंज खाली ठेवला.

"प्रोफेसरसाहेब, पन्हळ तुंबलीय. दरवर्षी मी तिच्यातली पानं काढते. यंदा काढली नाहीत."

"का?"

"ती वर होती आणि मी खाली होते, म्हणून."

त्यांनी ओल्या भिंतीवर तळवा ठेवून पाहिला. मग म्हणाले, "चला, खिडकी दाखवा." दोघांनी मिळून कुजकी पानं बादल्या भरभरून काढली. त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली नाही. फक्त म्हणाले, "त्या बाईंना तुम्ही जाऊन सांगायचं. मी नाही."

निवेस बेकरीमागच्या घरी गेली. इसोलिनानं सगळं ऐकून घेतलं.

"मला विचारायचं तरी होतंस," ती म्हणाली. "मी तुला तो डगला एक दिवसाआड दिला असता."

"मला एक दिवसाआड नको होता."

इसोलिनानं दार लावून घेतलं. सोमवारी मात्र ती कामावर आली आणि निवेसनं डगला तिच्या हातात दिला. पडलेला रंग परत बसला नाही. तिथे साधा राखी गिलावा केला. आजही तो डाग लांबून दिसतो. दोघींचं बोलणं हळूहळू सुरू झालं, पण ते भिंत आणि पाणी एवढ्यापुरतंच.

पुढच्या उन्हाळ्यात काम संपलं. प्रोफेसरांना दुसऱ्या गावातल्या चर्चचं काम मिळालं होतं आणि त्यांनी इसोलिनाला सोबत बोलावलं. ती सकाळच्या बसनं गेली. निवेस निरोपाला गेली नाही, माझ्या खोलीत येऊन एप्रनमध्ये तोंड खुपसून रडली.

मी म्हटलं, "आठवण येणारच गं. एवढ्या वर्षांची मैत्री."

तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडे रागानं बघितलं.

"आठवण कसली डोंबलाची! ती गेली आणि मी इथे राहिले, त्याचं रडू येतंय."

मग बादली उचलून ती वर सभागृहात गेली. त्या दिवशी सभा होती, खुर्च्या मांडायच्या होत्या.