दरवर्षी रुतणारी जीप

तर जानरावची जीप चिखलात रुतली, काल गोष्टीत तिथवर आलो होतो. जानेफळचा हा जानराव गाडी चालवण्यात पटाईत गडी. पण डोंगर-नाल्यांतून जीपा हाकणाऱ्या हौशी मंडळींचा वर्षातून एकदा मेळावा भरतो ना, तिथं तो दरवर्षी फसतोच! मग सारे दोर घेऊन धावतात, जीप ओढून काढतात अन् त्यालाच खांद्यावर घेऊन नाचतात. यंदा तर बेटा कोरडी वाट सोडून थेट चिखलात शिरला. मी हसत विचारलं, "काऊन बे, मुद्दाम फसतो का?"

तो काही हसला नाही. म्हणाला, "हाव आबा. बायकोले दवाखान्यात नेतानी आपल्याच गावच्या रस्त्यावर जीप फसली. कोणी दोर घेऊन आलं नाही, ती जीपमधीच गेली. इथं फसलो का सारे धावतात."