कशावरून बाई

आमच्या कॉलेजात श्वसनोपचाराच्या मुलांना आम्ही दोघी शिकवायचो. माझ्याकडे यंत्रं होती. ऑक्सिजनचा मुखवटा चेहऱ्यावर नीट कसा बसवायचा, व्हेंटिलेटरची नळी कुठं गळते, रबरी पुतळ्याच्या छातीत हवा कशी भरायची, हे माझं काम. बाई मुलांना संशोधन वाचायला शिकवायच्या. नवं औषध आलं, नवी पद्धत आली, की तिच्यामागचा शोधनिबंध उघडायचा, त्यात कुठं पाणी मुरतंय ते शोधायचं, आणि मगच ठरवायचं की आपल्या वॉर्डातल्या म्हाताऱ्याला याचा उपयोग आहे की नाही. मुलं त्याला सालटी काढण्याचा तास म्हणत. सालटी निबंधाची निघत की मुलांची, ते त्या दिवशीच्या तयारीवर असे.

बाईंना कॉलेजात कोणी नावानं ओळखत नसे. त्या 'कशावरून बाई'. समोरचा काहीही म्हणाला तरी यांचा पहिला शब्द तोच. एकदा मी सहज म्हणाले, बाई, आज कॅन्टीनचा चहा बरा आहे. बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कशावरून? कालचा प्यायली होतीस का?"

मला त्यांचा राग यायचा, हे आधीच सांगून टाकते. ऊठसूट माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं म्हणजे काय! पण त्यांच्या तासाला बसलं की राग गिळावा लागे. एकदा एक विक्रेता गुळगुळीत कागदावरची पत्रकं घेऊन आला. नवा मुखवटा, श्वास झटक्यात सुधारतो, सिद्ध झालंय. मुलं भारावून गेली. बाईंनी मूळ निबंध मागवला आणि फळ्यावर मांडला. सगळी मोजणी विशी-पंचविशीतल्या धडधाकट पोरांवर केली होती. "आपल्या वॉर्डात असं कोण आहे?" बाईंनी विचारलं. मागून एकजण म्हणाला, "बाई, फक्त वॉर्डबॉय." वर्ग हसला, बाईही हसल्या, आणि मुखवटा काही घेतला गेला नाही.

स्वतःचं असं बाईंना घरी कोणी नव्हतं. जे काही होतं ते धाकट्या भावाच्या घरी. हा भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आमच्या कॉलेजाची पाटीही त्याचीच, तेव्हापासून तो आमच्याकडे गप्पांना डोकवायचा. शिडीवर चढून अक्षरं काढता काढता खालच्या माणसाशी अखंड गप्पा मारायचा, आणि विनोद सांगण्यात तर पटाईत. पन्नाशीच्या आसपास त्याला कोरडा खोकला लागला तो गेलाच नाही. मग शिडी चढताना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली होती, वाळलेला स्पंज कडक व्हावा तशी. या आजारात गेलेलं परत येत नाही, औषधं फक्त जाण्याचा वेग कमी करतात. बाईंनी हे वर्षानुवर्षं मुलांना शिकवलं होतं. आता भाऊ विनोद सांगताना मध्येच थांबायचा, दम घ्यायचा, आणि त्याचं शेवटचं वाक्य येण्याआधीच आम्ही ओळखून हसून मोकळे व्हायचो. त्याला ते आवडत नसे. म्हणायचा, "अरे, मला पोचू तरी द्या."

त्याच सुमारास एका मोठ्या इस्पितळात या आजारावरच्या नव्या गोळीचा अभ्यास सुरू झाला. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी खोटी. कोणाला कुठली ते संगणक ठरवणार. घेणाऱ्याला कळणार नाही, देणाऱ्यालाही नाही, आणि सगळं शेवटी एकदम उघडायचं. असं का करतात, तेही बाईच वर्गात सांगायच्या. आधी कळलं की माणसाला हवं तेच दिसायला लागतं. अभ्यास चालू असेपर्यंत बाजारातलं जुनं औषध घ्यायचं नाही, अशी अट होती. भावानं विचारलं, "ताई, जाऊ का?" बाईंनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं, अगदी वर्गात समजवावं तसं. "तुला कुठली मिळालीय ते मला कळणार नाही," त्या म्हणाल्या, "आणि मी कळून घेणारही नाही."

"तू? आणि कळून घेणार नाहीस?" भाऊ म्हणाला. "बघू हं."

वर्ष उलटलं. इस्पितळाच्या लांब कॉरिडॉरमध्ये त्याला अधूनमधून सहा मिनिटं चालवत आणि किती अंतर गेला ते मोजत. एकदा बाई सोबत गेल्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "तो भिंतीला हात लावून चालत होता गं. रंग ओला आहे का बघावं, तसा." एवढं बोलून त्या तास घ्यायला गेल्या.

पुढचं सगळं मला फार उशिरा कळलं, पण इथंच सांगते. त्या आठवड्यात बाईंनी या गोळीवरचा आधीचा एक लहान निबंध पुन्हा काढला. त्यात दुष्परिणामांचं कोष्टक होतं. खरी गोळी घेणाऱ्या दहांतल्या सहा जणांची तोंडाची चव गेली होती. खोटी घेणाऱ्या दहांत एकाचीच. सामान्य माणूस असल्या कोष्टकापर्यंत जातच नाही. बाई गेल्या.

रविवारी भाऊ-भावजय घरी आले, तेव्हा बाईंनी भावाच्या चहात साखर घातली नाही. पहिल्याच घोटाला त्यानं कप खाली ठेवला. "ताई, आज साखर रुसली का?" बाई म्हणाल्या, विसरले. पुढच्या खेपेला जेवणात मीठ कमी, त्याच्या पुढच्या खेपेला सरबतात लिंबू जास्त. दर वेळी त्याला बरोबर कळलं आणि दर वेळी त्यानं थट्टा केली. भावजयीला वाटलं, ताईंचं वय झालं आता. इकडे बाईंची मात्र खात्री पटली, की याची चव शाबूत आहे म्हणजे याची गोळी खोटी आहे, आणि हा वर्षभर नुसतं पीठ गिळतोय.

"सोड तो अभ्यास," त्या भावाला म्हणाल्या. "तुझी गोळी खोटी आहे. आपण जुनं औषध सुरू करू."

भाऊ हसला. "कशावरून?"

"माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

विश्वास होता. म्हणून त्यानं अभ्यास सोडला.

जुनं औषध त्याच्या पोटाला झेपलं नाही. अन्नावरची वासना उडाली, अंगावरचे कपडे ढगळ झाले. औषध कधी चालू, कधी बंद. थंडीत साधा सर्दी-ताप झाला आणि तेवढं निमित्त पुरलं. तो आमच्याच वॉर्डात होता. मुखवटा मी बसवला होता. शेवटच्या दुपारी तो हातानं खूण करून काहीतरी सांगू लागला. डोळ्यांवरून वाटलं विनोदच असावा, पण मुखवट्यातून शब्द कळत नव्हते. या वेळी आम्ही कोणी आधी हसलो नाही. तो मध्ये थांबला, आम्ही वाट बघत राहिलो. बाई त्याचा पाय धरून उभ्या होत्या.

अभ्यास पुढच्या वर्षी संपला. त्याचे प्रमुख डॉक्टर बाईंना चांगले ओळखत होते. ते स्वतः आमच्या खोलीत आले. मी समोरच वह्या तपासत होते. म्हणाले, "गोळीचा उपयोग आहे. आजार थांबत नाही, पण संथ होतो." मग जरा घुटमळले. "परवा सगळ्यांच्या गोळ्या उघड केल्या. तुमच्या भावाला खरी होती."

बाईंनी त्यांना चहा विचारला. ते नको म्हणाले आणि गेले.

मग बाईंनी मला साखरेपासून सगळं सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी संताप आला. मी म्हणाले, "बाई, हे पहिल्या वर्षाच्या पोरानं केलं असतं तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं असतं."

"हो," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "उद्याच्या तासाला ये."

दुसऱ्या दिवशी मी मागच्या बाकावर जाऊन बसले. बाईंनी कोणाचं नाव न घेता सगळा प्रकार फळ्यावर मांडला. एक बाई, तिचा आजारी भाऊ, एक कप चहा. कोष्टकातले आकडेही खाली लिहिले. "भावानं विचारलं, कशावरून? तर ती म्हणाली, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" यावर वर्ग खो खो हसला. मुलांना वाटलं, बाई गंमत करतायत. बाईंनी हसू ओसरू दिलं.

"बोला. तिचं चुकलं कुठं?"

खिडकीजवळची एक मुलगी उठली. एरवी हिच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे आमची दमछाक होई. ती म्हणाली, "बाई, फक्त चव शाबूत असलेले मोजायला हवेत. खऱ्या गोळीतले चार, खोटीतले नऊ. तेरा जणांत नऊ खोटीवाले. तिचा अंदाज अगदीच टाकाऊ नव्हता. पण तेरांतले चार खरीवाले होते, ते तिनं धरलेच नाहीत."

"का धरले नाहीत? कोष्टक तर तिनं वाचलं होतं."

मुलगी फळ्याकडे बघत म्हणाली, "तिला तो खोटीवालाच हवा होता, बाई. खरी गोळी घेऊनही खालावतोय असं असतं, तर तिच्या हातात करण्यासारखं काही उरलं नसतं. खोटी आहे म्हटलं की अजून काहीतरी करता येतं."

बाई खुर्चीत बसल्या. तास घेताना बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "काही का असेना, बाई. तिनं भावाला मारलंच की."

"कशावरून?"

मुलगा गडबडला. पुन्हा तीच मुलगी बोलली. "गोळीचा गुण सगळ्यांना सारखा येत नाही. काहींना आलाच नाही. तो त्यांतला होता का नव्हता, ते बघायला गोळी न सोडलेला तोच भाऊ शेजारी हवा. तो कुठून आणणार?"

"मग उत्तर काय?"

"सांगता येत नाही."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "लिहून घ्या."

संध्याकाळी त्या भावजयीकडे निघाल्या आणि मला सोबत चल म्हणाल्या. "एकटी गेले तर मी ते गोड करून सांगेन." वरच्या मजल्यावरच्या त्या घराच्या दारावर भावानं रंगवलेली पाटी अजून तशीच होती. आत खिडकीत त्याचे ब्रश धुऊन डब्यात उभे ठेवलेले. भावजय मोजकं बोलणारी. सगळ्या घराचं बोलणं नवराच बोलायचा. तिनं आम्हाला बसवलं आणि बाईंनी सांगायला सुरुवात केली. साखर, मीठ, कोष्टक, खरी गोळी, काही गाळलं नाही. भावजय पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती.

"मला एवढंच सांगा, ताई," ती शेवटी म्हणाली. "गोळी सोडली नसती तर ते आज असते का?"

"सांगता येत नाही."

"तुम्हाला? तुम्हाला सांगता येत नाही?"

"कोणालाच नाही येणार."

तिनं पदराचं टोक बोटावरून सोडवलं. मग आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही 'हो' म्हणाला असतात तर मी कडाकडा भांडले असते. तोंड बघितलं नसतं तुमचं. मग कधीतरी, चार वर्षांनी, सोडून दिलं असतं. 'नाही' म्हणाला असतात तर आत्ता तुमच्या गळ्यात पडून रडले असते. आता या 'सांगता येत नाही'चं मी काय करू?"

भावजयीनं आम्हाला जा म्हटलं नाही. ती उठून आत गेली आणि परत बाहेर आली नाही. मग आम्ही बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

जिन्याच्या वळणावर बाई थांबल्या. कठडा धरून उभ्या राहिल्या आणि त्यांना श्वास पुरेना. इतकी वर्षं छाती बघून श्वास ओळखायचं काम केलंय मी, पण हा श्वास कुठल्या आजाराचा नव्हता. माझा सगळा राग कुठल्या कुठं गेला. मला त्यांची फार दया आली. मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "बाई, तो तुमच्यामुळे नाही गेला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. हा शब्द त्यांच्या तोंडून मी हजारदा ऐकला असेल, पण त्यांना उत्तर इतकं हवंय असं कधी वाटलं नव्हतं.

"कशावरून?" त्या म्हणाल्या.

त्या वाट बघत राहिल्या. मग मी त्यांचा हात तसाच धरून ठेवला आणि आम्ही उरलेला जिना उतरलो.