लॉकचं बटण

मिरजेला दवाखान्यांच्या रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली टेबल टाकून तो गाड्यांच्या किल्ल्या दुरुस्त करतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रिमोटचा सेल आदल्या दिवशीच बदलूनही माझी गाडी लॉक होत नव्हती, म्हणून त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

त्याने डोळे मिटले, किल्ली कानाशी धरली आणि दोन्ही बटणं आळीपाळीने दाबली. तंबोरा लावणारा तार ऐकतो, तसं त्याचं ऐकणं चाललं होतं. मग नखाने कव्हर उघडून भिंगातून आत पाहिलं.

"सेल बरा हाय. लॉकचं बटण झिजलंय, उघडायचं नव्यावानी हाय," तो म्हणाला आणि मान वर न करता विचारलं, "दवाखान्यात कोण हाय तुमचं?"

मी दवाखान्याचा विषयही काढला नव्हता. मला जरा रागच आला. "आई आहे. पण तुम्हाला कसं कळलं?"

"हितल्या किल्ल्या अशाच येत्यात. माणूस गाडी उघडतंय एकदाच, आन आत जाताना धा येळा मागं वळून लॉक करतंय. आत गेल्यावर त्येच्या हातात दुसरं काय नसतंय बगा."

त्याने नवं बटण बसवून दिलं. मी गाडी लॉक करून निघालो. दवाखान्याच्या पायऱ्यांपाशी अंगठा पुन्हा बटणावर गेला, तेव्हा मागे पाहिलं. तो माझ्याकडेच बघत होता. न हसता त्याने मान हलवली, दाबा म्हणून.