घरच्या घरी

टेलरकाकूंना टेलर व्हायचंय का, असं कधी कुणी विचारलं नव्हतं. मुलीच्या हाताला वळण आहे, शिवण शिकली तर घरच्या घरी चार पैसे मिळतील, असं वडील म्हणाले आणि विषय संपला. लग्न झाल्यावर मशीन सासरच्या खिडकीशी मांडलं गेलं, तेही घरच्या घरी. लेक झाली तेव्हा तिला सांभाळायला बाई ठेवायचा प्रश्नच आला नाही, कारण आई घरच्या घरीच होती की! काकूंच्या आयुष्यात जे जे काम आलं ते या दोन शब्दांचा हात धरून आलं आणि एकदा आलेलं परत गेलं नाही.

त्यांचे यजमान शहरातल्या बसवर ड्रायव्हर होते. सगळी गल्ली त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणायची. उंचेपुरे, खाऊन-पिऊन भारदस्त. सीटवर बसले की सीट कुरकुरायची आणि ते म्हणायचे, "बघा, ही पण बायकोसारखीच बोलते." निवृत्त झाले आणि वर्ष उलटायच्या आत त्यांची डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, उजवा हात राहिला आणि वजनही राहिलं. तेव्हापासून त्यांचा पलंग पुढच्या खोलीत, खिडकीच्या एका अंगाला. दुसऱ्या अंगाला काकूंचं मशीन.

त्यांना उठवायची एक रीत दोघांनी बसवून घेतली होती. काकू पलंगाशी वाकायच्या आणि म्हणायच्या, "धरा मानेला." साहेब उजवा हात त्यांच्या मानेभोवती टाकायचे. मग काकू "टिंग टिंग" म्हणायच्या आणि जोर लावायच्या. कंडक्टर गाडी सोडताना दोनदा घंटी देतो तशी. खुर्चीत नीट बसले की साहेब म्हणायचे, "टिंग." गाडी थांबली. सुरुवातीला याचं दोघांना हसू यायचं. पुढे हसू आटलं, घंटी राहिली.

मग एके दिवशी गाडी वाटेतच बंद पडली. न्हाणीच्या दारात काकूंच्या कंबरेतून अशी कळ गेली की दोघंही खाली. साहेब त्यांच्या अंगावर. समोरच्या दारातला इलेक्ट्रिशियन धावत आला म्हणून निभावलं. डॉक्टरीणबाईंनी काकूंची पाठ तपासली आणि साहेबांच्या देखतच सांगितलं, "मोडलं काही नाही, पण ताकद संपत आलीय. मांड्या आणि पाठ कमवा. जिममध्ये जा नाहीतर घरी करा, पण करा. नाहीतर यांना कुठेतरी ठेवायची वेळ येईल."

कुठेतरी म्हणजे गावाबाहेरचं ते पिवळं शुश्रूषागृह. साहेबांच्या डेपोतले एक जण तिथे होते. साहेब एकदा त्यांना भेटून आले होते आणि त्या दिवशी जेवले नव्हते. दवाखान्यातून परतताना रिक्षात दोघांपैकी कुणीच ते नाव काढलं नाही.

लेक दुसऱ्या शहरात बँकेत होती. तिने फोनवर फटाफट निकाल लावायला घेतला. "आई, दोनच रस्ते आहेत. घरात जिम करू, नाहीतर मेडिकलच्या वर नवीन फिटनेस सेंटर झालंय, त्याची मेंबरशिप घेऊ. खर्चाचं माझ्यावर सोड. तुला काय हवं ते सांग."

तुला काय हवं! काकूंनी बोलायला तोंड उघडलं, पण फोन स्पीकरवर होता. पलंगावरून उत्तर गेलं, "अगं विचारायचं काय त्यात? घरच्या घरी!"

लेकीने नमुन्यादाखल दोन डंबेल आणि रबरी पट्टे पाठवून दिले. आधी याची सवय कर, मग मोठं मशीन घेऊ, म्हणाली. मोठं मशीन आलं असतं तर खिडकीतून शिलाई मशीनची उचलबांगडी झाली असती, हे काकूंनी नजरेनेच मापून ठेवलं होतं. टेलरची नजर ती, टेप लावायला लागत नाही.

पहिल्या दिवशी काकू पट्टा पायात अडकवून उभ्या राहिल्या. साहेबांचा उत्साह उतू जात होता. "क्लच सोड हळू... हळू! गिअर टाकल्यासारखी काय झटके देतेस?" मग त्यांना पाणी हवं झालं. मग पंखा कमी. मग बाटली, म्हणजे लघवीची. तेवढ्यात दार वाजलं. एक गिऱ्हाईक पॅन्टची कंबर आवळायला घेऊन आलं होतं.

हे त्याच फिटनेस सेंटरचं गिऱ्हाईक. सेंटर उघडल्यापासून काकूंकडे असं काम बरंच येई. चार दिवस जिमला गेलं की माणसाला आपण बारीक झाल्याचा साक्षात्कार होतो. "जादा कापड कापून टाका," तो गृहस्थ छाती काढून म्हणाला. काकू सगळ्यांना सांगत तेच त्यालाही म्हणाल्या, "कापत नाही. आत माया ठेवते." शिवणीच्या आत जो जादा पदर सोडतात तो, म्हणजे माया. पुढे अंग सुटलं की उसवून कपडा सैल करता येतो. मायेशिवाय शिवलेला कपडा एकदा तटतटला की फाटण्याशिवाय त्याला गत नसते.

गिऱ्हाईक गेलं. पट्टा अजून काकूंच्या पायातच होता. "हं, कर सुरू," साहेब म्हणाले. "आपलं बरंय, नाही? बाहेर जायला नको, यायला नको."

"मला इथे नाही करायचं," काकू म्हणाल्या.

"का? इथे काय वाईट आहे?"

"इथे तुम्ही आहात."

कात्री फिरली की कापड गेलं, तसंच ते झालं. बोललेलं खोटं नव्हतं, म्हणून सावरूनही घेता येईना. काकूंनी पट्टा सोडला आणि गुंडाळत बसल्या, गुंडाळायला त्यात काही नव्हतं तरी. साहेब खिडकीबाहेर बघत होते. तिकडेच बघत म्हणाले, "जा तू. सेंटरलाच जा." रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सकाळचा एक तास ठरला. साहेबांच्या उजव्या हाताशी बशीत ब्रेड, केळं आणि उकडलेलं अंडं झाकून ठेवायचं, फोन उशाशी, इलेक्ट्रिशियनकडे किल्ली. मेडिकलच्या बाजूचा जिना चढताना पहिल्या दिवशी काकूंना चोरी करायला निघाल्यासारखं वाटत होतं. वर आरसेच आरसे, रबराचा वास आणि आवाज फार. ट्रेनर लेकीपेक्षाही लहान, केस वर बांधलेली एक मुलगी. तिने काकूंना हलकासा बार कसा उचलायचा ते दाखवलं. पाठ सरळ, गुडघ्यात वाका, आणि वर.

काकू बारपाशी वाकल्या. सवय हो! मोठ्याने म्हणाल्या, "धरा मानेला. टिंग टिंग!"

आजूबाजूचे चार जण थबकले आणि फसकन हसले. ट्रेनरही हसली. काकूही हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, कारण इतकी मारामार करून मिळवलेल्या तासातही पहिल्या मिनिटाला साहेब हजर! मग त्यांनी मुलीला सगळं सांगून टाकलं. तेव्हापासून ती त्यांच्या प्रत्येक उचलीला "टिंग टिंग, काकू!" असं ओरडायची.

पण काकूंना तिथे खरं काय आवडायचं, तर शेवटचा थोडा वेळ. व्यायाम झाला की त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसायच्या. घाम पुसायचा, बुटाची नाडी सोडायची आणि नुसतं बसायचं. त्यांना कुणी हाक मारत नसे. असं हाकेविना आपण शेवटचं कधी बसलो होतो, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला आणि नाद सोडला. त्या बाकावर त्यांना कळलं की आपण थकलो आहोत ते उचलून नव्हे. सदा कान टवकारून ठेवून थकलो आहोत. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आजारी माणसाला टाकून बाकावर बसायला जातेस का, असं कुणी म्हणालं असतं तर काकूंनी मान खालीच घातली असती.

आणि गंमत म्हणजे गुण आला. दीड-दोन महिन्यांत साहेबांना उठवताना पूर्वीसारखी कळ येईना. मग तर एकाच झटक्यात खुर्चीत. काकूंना स्वतःचं कौतुक आवरेना. लेकीला फोनवर दंड दाखवून झाला, खांदे पडले होते ते वर आले. "बघा, माझ्यात किती जोर आलाय!" त्या साहेबांना म्हणायच्या.

"आलाय खरा," साहेब म्हणायचे. "पैलवानच झालीस."

या दिवसांत एकच नवा ताप होता तो पारव्यांचा. खिडकीच्या गजांवर कुठून कुठून येऊन बसत, घाण करत. शिवायला आलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर एकदा शिक्का उमटला. "यांना इथे काय सापडतं कोण जाणे," असं म्हणत काकू गज पुसायच्या. साहेब दुपारी अर्ध्या जेवणावरच हात आखडता घ्यायचे, म्हणायचे, सकाळचा नाश्ता भरपूर होतो.

एका दुपारी काकूंनी त्यांना उभं केलं, "टिंग टिंग" म्हटलं, आणि साहेबांचा पायजमा सळकन घोट्यापर्यंत उतरला. इलॅस्टिक काही सैल झालेलं नव्हतं. त्यांना खुर्चीत बसवून काकूंनी गळ्यातला टेप काढला. आयुष्यभर त्यांनी साहेबांच्या कपड्यांतली माया उसवून उसवून कपडे सैल केले होते. त्या मापांना उतार माहीत नव्हता. त्यांनी टेप कंबरेभोवती धरला, दोन टोकं जुळवली आणि तशाच थांबल्या. गजावर एक पारवा येऊन बसला होता आणि साहेबांच्या हाताकडे आशेने बघत होता.

"अहो," काकू म्हणाल्या, "तुम्ही नाश्ता कुणाला घालता?"

साहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "ब्रेड यांना. केळं किल्लीवाल्या इलेक्ट्रिशियनला. अंडं मात्र मी खायचो. पारवे अंडं खात नाहीत."

"का पण?"

"तुला जोर वाढवायला वेळ लागणार होता. म्हटलं, आपण वजन तरी कमी करावं." मग आवाज आणखी खाली आणून, "तुझी पाठ पुन्हा गेली असती तर मला त्या पिवळ्या घरात जावं लागलं असतं. तू तिकडे व्यायाम करायचीस, मी इथे करायचो. घरच्या घरी."

काकूंना राग यायला हवा होता. रागावायलाही अंगात काही लागतं. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. साहेबांच्या मनगटाचं हाड वर आलं होतं. रोज हे मनगट मानेभोवती येत होतं आणि त्यांना दिसलं नव्हतं, कारण त्या स्वतःच्या दंडाकडे बघत होत्या.

"मला खरंच वाटलं हो," त्या म्हणाल्या, "माझ्यात जोर आलाय."

"आलाच आहे ना. सगळाच काही पारव्यांनी दिला नाही."

"मी तुम्हाला इथे तुम्ही आहात म्हटलं म्हणून केलंत हे."

"खोटं कुठे बोललीस? मी आहेच इथे. मी जाणार कुठे?" साहेब हसले, पण पुरतं हसू आलं नाही. "मलाच जर माझ्यापासून तासभर सुट्टी मिळाली असती ना, तर मी पण गेलो असतो त्या सेंटरात."

काकू उठल्या, पायजमा मशीनवर घेतला आणि कंबर आवळायला बसल्या. कात्री जवळच होती.

"काप की ते जादा," साहेब म्हणाले. "आता कशाला ठेवतेस एवढी माया?"

"लागेल," काकू म्हणाल्या. कापड आत दुमडलं आणि वरून शिवण मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खिडकी लावून घेतली. बशी साहेबांच्या पुढ्यात धरली आणि शेवटचा घास जाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. साहेबांनी केळंसुद्धा खाल्लं, तोंड वाकडं करून. सेंटरची वेळ टळून गेली होती. बूट दाराशी होते. काकूंनी ते पायात घातले, पिशवी खांद्याला लावली, कडी काढली, आणि पाऊल काही उंबऱ्याबाहेर पडेना. आता हे जड होत जाणार. कंबरेचं काय होणार, कुणी सांगावं? आणि ते सगळं माहीत असून आपण मात्र बाकावर बसायला निघालोय. त्या तशाच दार धरून उभ्या राहिल्या. मागे वळून बघायचाही धीर होईना.

खोलीतून पलंग कुरकुरल्याचा आवाज आला. साहेबांनी घसा खाकरला.

"टिंग टिंग," ते म्हणाले.